मुळ्ये सरांच्या ओटीवर

३ मे १९३४, गुरुवार

— आणि वर मलाच म्हणतात, "घाई कसली?"

घाई! एकतीस तारखेच्या आत अर्ज मुंबईला मेडिकल कॉलेजच्या ऑफिसात पोचला पाहिजे. शेवटची आगबोट सव्वीसला. मग पावसाळा, गणपतीपर्यंत बोट नाही. टपाल मोटारीने घाट चढून कोल्हापूरवरून फिरत जाणार, त्याचा मला काडीचा भरवसा नाही. बाबा त्याच आगबोटीवर सारंग, खलाशांचे मुकादम. ते म्हणालेत, कागद पुरे करून माझ्या हातात दे, मी स्वतः ऑफिसात नेऊन देतो. सगळे कागद झाले. एक सोडून.

कॉलेजला दोन प्रोफेसरांची पत्रं लागतात — मुलगी कशी, अभ्यास कसा, डॉक्टर व्हायच्या लायकीची आहे की नाही. टेस्टिमोनियल म्हणतात. एक इंग्रजीच्या मिस हार्डिंगनी उलट टपाली पाठवलं. दुसरं सायन्सच्या प्रोफेसरांचंच पाहिजे, अस्सल सहीचं. म्हणजे मुळ्ये सरांचं. दीड वर्ष त्यांनी बायॉलॉजी शिकवली. दिवाळीला रिटायर झाले आणि इथे झाडगावात आपल्या घरी येऊन राहिले. मी परीक्षा देऊन घरी आले तेव्हा वाटलं, काय नशीब! पत्र लिहिणारा माणूस आपल्याच गावात, मैलभरावर.

एप्रिलात विचारलं तेव्हा "हो हो, लिहितो" म्हणाले. आज पुन्हा गेले. ओटीवर बसवलं, पेपर पुढे केला. "वाच, मिस तांडेल. उच्चार कितपत राहिलेत बघू." तास झाला, वाचतेच आहे! घसा कोरडा. शेवटी पत्राचं काढलं तर — घाई कसली.

शाळा, कॉलेज सगळं इंग्रजीत झालं माझं, तरी ही वही मराठीत. इंग्रजीत लिहिलं की राग अगदी शहाणासुरता दिसायला लागतो.

४ मे

या वर्षी झालं तर झालं. नाहीतर त्या बंदरावरच्या इंजिनवाल्याच्या मुलाशी लग्न. आयेनं बाबांकडून तसं कबूल करून घेतलंय. मुलगा वाईट नाही म्हणे. असेल. मी त्याच्याबद्दल काही म्हटलंय का?

८ मे, मंगळवार

आज हद्द झाली.

परवा आयेने मुशी आणली, लहान जातीचा शार्क मासा. कापायच्या आधी मी हिसकावून घेतली आणि मागच्या पडवीत पाटावर उघडली. आत चार पिल्लं, जिवंत! एकेक नाळेने बांधलेलं. मी ओरडलेच. आये म्हणाली, "कालवण कधी व्हायचा? तुझा दवाखाना उरकला की सांग." मी दोन दिवस खपून चित्र काढलं, पेन्सिलीने, एकेक शीर दाखवून. सरांना दाखवावं. हे बघून तरी लिहितील.

पेपर वाचून झाल्यावर सरांनी कागद घेतला, हातभर लांब धरला. म्हणाले, "सांग, काय काय दाखवलंस. तोंडाने सांग." अर्धा तास मी सांगते आहे. मध्ये एका ठिकाणी चुकले ते बरोबर पकडलं त्यांनी. आणि इतका वेळ चित्र उलटं! शेपटी वर, डोकं खाली! एकदा तरी नीट बघावं माणसाने? दोन दिवसांची मेहनत, आणि त्यांना ती सुलटी करून धरायचेसुद्धा श्रम नकोत.

मी काय केलं? "सर, ते पत्राचं..." एवढंच. "आहे लक्षात." झालं. मी नमस्कार करून परत.

९ मे

"ते पत्राचं" — आणि पुढे दातखीळ. माझी जीभ कापून स्पिरिटच्या बरणीत ठेवायला हवी. लेबल: निरुपयोगी अवयव.

१२ मे, शनिवार

रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून आयेला विचारलं काय नेऊ. म्हणाली, "बामणाच्या घरी काय नेतस? आज सुरमय ताजी हाय, ती ने." आणि हसतेय! शेवटी आमसुलं नेली.

मुळ्ये काकू दारातच. म्हणाल्या, ते झोपलेत, डोकं दुखतंय त्यांचं. आत सर खोकत होते, चालत होते — झोपलेला माणूस चालतो कसा? काकूंनी आमसुलांची पुडी घेतली ती कडेच्या कठड्यावर ठेवली. मला पायरीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं. मला कळलं. न कळायला काय झालं! किल्ल्याखालच्या खारव्याची, दर्यावर्दी जातीची मुलगी. मासळीचा वास येत असेल माझ्या कागदांना. कॉलेजात ठीक होतं, तिथे सगळ्यांनाच स्पिरिटचा वास. इथे गावात परत आल्यावर सरांना आठवण झाली असेल, कोण कुठली.

नाहीतर माझ्या एक वर्ष पुढच्या त्या दामल्याला पत्र कसं दिलं? गेल्या जूनमध्ये, एका दिवसात, दोन पानं! दामले बेडूक कापताना घेरी येऊन पडला होता. त्याला पाणी मी मारलं. बेडूकही मीच पुरा केला. आज तो मेडिकलला आहे.

१४ मे

सरांना पोस्टाने पत्र टाकलं. मैलभरावर राहणाऱ्या माणसाला! पोस्टमास्तरांनी पत्ता वाचून माझ्याकडे बघितलं.

चार वेळा लिहिलं. पहिलं फाडलं, ते पोलिसात देण्यासारखं होतं. दुसऱ्यात "कृपया" तीनदा आलं, तिसऱ्यात एकदाही नाही. चौथं गेलं — आपल्या अनेक व्यापांची मला कल्पना आहे, आपल्याला त्रास देताना संकोच वाटतो, तरी सव्वीस तारखेच्या बोटीची नम्रपणे आठवण करून द्यावीशी वाटते, आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी. मिस हार्डिंगनी शिकवलं तसं. आठवण अशी करावी की समोरच्याला आपलं आपल्यालाच आठवलं असं वाटावं.

१७ मे

उत्तर नाही.

आये मामाला सांगत होती, इंजिनवाल्याकडची माणसं जूनमध्ये यायची म्हणतात. मला ऐकू जावं एवढ्याच आवाजात.

१९ मे, शनिवार

अक्षर असंच येणार, रागाचं.

आज सर ओटीवर होते. पेपर वाचायला बसवलंच. मी मुद्दाम गड्डीतला गेल्या आठवड्याचा काढला आणि वाचायला लागले. बघू या, ऐकतात तरी का. दोन ओळी झाल्या नाहीत तोच — "हे झालंय, मिस तांडेल. आठ तारखेला वाचलंस." डोकं इतकं शाबूत! म्हणजे विसरलेले नाहीत. म्हणजे पत्रही विसरलेले नाहीत. म्हणजे मुद्दाम!

मग म्हणाले, आतल्या खोलीत टेबलावर चष्म्याचं घर आहे, आण. काकू विहिरीवर होत्या. मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले. टेबलावर पाकिटांचा गठ्ठा, सगळी बंद. आणि माझं पाकीट तांब्याखाली! तांब्याला बस्कर म्हणून! पाण्याचं गोल वर्तुळ उमटलंय बरोबर माझ्या अक्षरावर. फोडलंसुद्धा नाही.

मी काय केलं? चष्म्याचं घर आणून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "हं, वाच पुढे."

मी वाचलं. वाचलं! त्या पेपरात काय होतं विचारलंस तर एक अक्षर सांगता येणार नाही. निघताना वाकून नमस्कारही केला. मला माझाच इतका राग कधी आला नव्हता.

घरी येऊन आयेला म्हटलं, बोलाव त्या इंजिनवाल्यांना. तर आयेने ताटच पुढे केलं. मग म्हणाली, "जेव आधी."

२० मे, रविवार

सकाळी जानूमामा पडवीत जाळं विणत बसला होता. मामा पूर्वी तांडेल, आडनावाने नव्हे, धंद्याने; स्वतःच्या बोटीचा कप्तान. चार वर्षांपूर्वी गुडघा धरला म्हणून बोट सोडली, तेव्हापासून गावाची जाळी दुरुस्त करतो. त्याला हसवावं म्हणून — खरं म्हणजे माझी आग निवावी म्हणून — मी सरांची नक्कल केली. कागद हातभर लांब धरला, उलटा. "सांग, मिस तांडेल, काय काय दाखवलंस. तोंडाने सांग." मग पाकीट घेतलं, त्यावर तांब्या ठेवला. आये पदर तोंडाला लावून हसत होती. मामा पण हसला. मग त्याची सुई थांबली.

"परत कर," म्हणाला.

"काय?"

"तो कागद कसा धरतो ता."

मी पुन्हा करून दाखवलं. त्याने विचारलं, ओटीवरून उतरताना पायरीला पाय आधी लावून बघतो काय. मी म्हटलं, सर ओटीवरून कधी उतरतच नाहीत. विचारलं, तू गेलीस की आधी नाव घेतात का. नाही, मी "सर" म्हटलं की मग म्हणतात, ये मिस तांडेल.

मामा जाळ्याकडे बघत म्हणाला, "तुझ्या मास्तराला दिसत नाय गो."

मी म्हटलं, काहीतरीच. चष्मा लावतात ते.

"लावतील. मी पण दुर्बीण लावायचा."

आये हसायची थांबली.

मग मामाने सांगितलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. डोळे चालले होते. दोन हंगाम त्याने बोट तशीच चालवली. पोरांना विचारायचा — बघ रे, दीपगृह कुठल्या अंगाला हाय? पुढचा गलबत कोणाचा, शीड बघून सांग. पोरांना वाटायचं, तांडेल परीक्षा घेतोय. चुकलं की शिव्या पण घालायचा, म्हणजे संशय नको. "खलाशाला कळला ना तांडेलाला दिसत नाय, तर दुसऱ्या दिवशी बोटीवर कोण चढत नाय." मग एकदा वाळूवर चढवली बोट. कुणी मेलं नाही. त्याच दिवशी गुडघा दुखायला लागला.

आये म्हणाली, "मला पण नाय सांगितलंस, दादा?"

मामा पुन्हा विणायला लागला. त्याची बोटं जाळ्यावर पळत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो जाळ्याकडे बघत नव्हता. चार वर्षं, घरी असेन तेव्हा, मी त्याच्यासमोर बसून अभ्यास केला. डोळ्याच्या आकृत्या काढल्या. भिंग, पडदा, नस. सगळ्या पाठ!

२१ मे

आता राग जायला हवा. नाही जात.

सांगायला काय झालं होतं? मी परकी का? "बकुळा, मला दिसत नाही, तू बैस, मी सांगतो, तू लिही." एवढंच! तीन आठवडे मला फिरवलं, पेपर वाचायला लावले, मी मनात काय काय बोलले त्यांना. वासाचं, जातीचं. ते आता कुणाला परत करू? मला वाईट माणूस केलं त्यांनी, याचाही राग आहे.

आणि त्या दामल्याच्या पत्राचाही. तेव्हा दिसत होतं. बेडकाला घाबरणाऱ्याच्या वेळेला दिसत होतं!

२३ मे, बुधवार

गेले. वाटेत दहा वाक्यं तयार केली. एकही वापरलं नाही.

पेपर वाचून झाल्यावर म्हटलं, सर, कॉलेजला आता टाइप केलेलं पत्र जास्त पसंत असतं. (कुठे असतं? मीच बनवलं.) कोर्टापाशी काशीराम टायपिस्ट बसतो. आपण मजकूर सांगा, मी उतरवून घेते, तो टाइप करील, आपली नुसती सही.

सर बोटांनी खुर्चीचा हात चाचपायला लागले. मला वाटलं कळलं त्यांना की मला कळलंय.

मग म्हणाले, "तुझ्याबद्दल जे लिहायचं ते मी तुझ्या तोंडावर बोलू शकत नाही. तीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याची तोंडावर स्तुती केली नाही मी."

मी म्हटलं, मग टीका सांगा, तीही चालेल.

हसले. महिन्यात पहिल्यांदा. म्हणाले, "मी कोऱ्या कागदावर सही करून देतो. वर तुझ्याबद्दल जे खरं आहे ते टाइप करून घे. जास्त नाही, कमी नाही. उद्या ये."

उद्या! अजून उद्याच! आता तरी आज म्हणावं! पण आले परत.

२४ मे, गुरुवार

मिळालं!

सर आत होते, बाहेर आलेच नाहीत. काकूंनी लांब पाकीट आणून दिलं, चिकटवलेलं. मोठ्यांनी दिलेलं त्यांच्या दारात फोडून बघू नये, म्हणून तसंच छातीशी धरलं. काकू फाटकापर्यंत आल्या, माझ्याबरोबर, चालत, बाहेर रस्त्यावर. म्हणजे त्या दिवशी पायरीवर बसवलं ते जातीपायी नव्हतं. आत खोलीत जाऊन कुणी टेबल बघू नये, एवढंच.

म्हणाल्या, "दहा कागद वाया घालवले गं काल. हा अकरावा. मला जवळ येऊ देत नाहीत, हात धरू देत नाहीत."

का वाया गेले, ते मी विचारलं नाही; त्यावरूनच त्यांनी ओळखलं.

"तुला कळलंय ते त्यांना सांगू नकोस हं. पुण्याला मुलाला कळलं तर तो येऊन घेऊन जाईल आम्हांला. यांना इथून हलायचं नाही. कुणाला कळलंय असं वाटलं ना, तर ते पेपरसुद्धा ऐकायचे नाहीत. तू येतेस तेवढा एक तास ते प्रोफेसर असतात."

आयेने पाकीट देवीच्या तसबिरीपुढे ठेवलं. म्हणाली, उद्या शुक्रवार, देवीचा वार, तोपर्यंत देवीपुढे राहू दे, हात लावू नको. काशीरामही आता उद्याच भेटेल. म्हणून मी मजकूर करायला बसले. सरांच्या भाषेत — सर लिहितात तशी लांब वाक्यं, मध्ये मध्ये अर्धविराम. मिस तांडेल हिला मी दीड वर्ष ओळखतो. हिचा हात स्थिर आहे. हिची चित्रं अचूक. हिला मुशीच्या पिल्लांत जे दिसतं ते तिच्या वर्गात कुणाला दिसलं नाही. लिहिताना इतका जोर आला! तीन आठवडे जे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं ते सगळं लिहिलं. दामल्याला टोमणा एक घातला, मग काढला. सव्वा पान झालं. मामाला वाचून दाखवलं. म्हणाला, "अर्धा खरा असला तरी पुष्कळ."

बाबांची बोट उद्या रात्री गोव्याकडून येणार.

२५ मे, शुक्रवार, दुपार

काशीरामकडे पाकीट फोडलं. कागद स्वच्छ, जाड, शाईचा एक डाग नाही. सही ठसठशीत, एका रेषेत, सरळ. पण पानाच्या पार वर. वरच्या कडेपासून दोन बोटांवर. खाली सगळा कागद कोरा.

काशीरामने मशीनमध्ये घालून बघितला. म्हणाला, सहीच्या वर दोन ओळी बसतील, त्याही दाटून. खाली मजकूर घातला तर कॉलेजात हसतील.

बोट उद्या सकाळी सातला. झाडगाव मैलभर. आता निघाले तर दिवस मावळायच्या आत नवा कागद मिळेल, पण "सर, सही वर झाली" एवढं सांगावं लागेल. हे नम्रपणे कसं सांगतात ते मिस हार्डिंगनी शिकवलं नाही. आणि न जावं तर सव्वा पानातल्या कुठल्या दोन ओळी? मी कितीही चिडले तरी ती सही बघवत नाही मला, इतकी सरळ आहे. अकरावी.

काशीराम एरवी तीनला मशीन बंद करतो; म्हणतो, जाणार असशील तर दिवा लावून थांबेन. अडीच वाजलेत. तूच सांग गं वहीबाई, तू माझ्या जागी असतीस तर झाडगावची वाट धरली असतीस, की दोन ओळी?